बदली गाडी

बदली गाडीच्या दोन्ही दारांवर ‘वज्रलेख मोटर्स, ग्राहकसेवेत सादर’ असं हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि अण्णांचं डोकं तिथूनच फिरायला लागलं.

अण्णा म्हणजे भूपाल मगदूम. वय चौसष्ट. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची फौंड्री होती. लोखंड वितळवायचं आणि वाळूच्या साच्यांत ओतायचं, हा त्यांचा पस्तीस वर्षांचा धंदा. सहा वर्षांपूर्वी त्यांनी हौसेनं ‘वाल्डेर’ ही परदेशी गाडी घेतली. गडद हिरवी. अख्ख्या कोल्हापुरात त्या रंगाची एकच. सिग्नलला थांबली की शेजारचा स्कूटरवाला काचेतून माणूस दिसो न दिसो, ‘नमस्कार अण्णा’ म्हणायचा.

ती गाडी आता बारा दिवसांसाठी सर्व्हिसिंगला अडकली होती. स्टिअरिंगच्या आतलं, हाताची हालचाल टिपणाऱ्या संवेदकांचं एक कडं बदलायचं होतं, आणि ते परदेशातून यायचं होतं. तोवर ही बदली. पांढरी. आणि दारावर लिहिलेली.

“हे पुसता येत नाही काय?” अण्णांनी विचारलं.

“सर, ते कंपनीचं धोरण आहे,” विनया शिंत्रे म्हणाली. ती वज्रलेखची सेवा सल्लागार. तीस-बत्तिशीची, इस्त्रीचा कोट, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला सर. “सर, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.”

“समजू शकताय तर पुसा की.”

“सर, धोरण आहे.”

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत अण्णांना चार फोन आले. गाडी विकली काय? धंदा बरा चाललाय ना? एका व्याह्यानं तर ‘काही लागलं तर सांगा, संकोच करू नका’ असं इतक्या मायेनं सांगितलं, की अण्णांनी फोन टेबलावर आपटला. गाडीच्या आत कुणाच्या तरी गोडमिट्ट अत्तराचा वास होता. चालू केली की ती ‘सुप्रभात, डॉक्टर नाईक’ म्हणायची. शंभर किलोमीटरच्या बाहेर न्यायची नाही, मागच्या सीटवर खायचं नाही, आणि संध्याकाळी पाच वाजता न चुकता फोन यायचा: सर, आजचा अनुभव दहापैकी किती?

हे सगळं त्यांनी सोसलं असतं. पण गाडी सरळ चालत नव्हती.

म्हणजे चालत होती, पण अंगात हिवताप भरल्यागत. स्टिअरिंग बारीक थरथरायचं, आणि ती थरथर चाकांत उतरून गाडी रस्त्यावर हलके हलके नागमोडी जायची. ब्रेक दाबला की क्षणभर उशिरा लागायचा. आपल्या हिरव्या गाडीत अण्णा हात नुसता ठेवायचे आणि ती पाण्यावरून जावी तशी जायची. हे असलं भंगार कंपनी लोकांना देते तरी कसं, या विचारानं त्यांचा संताप संताप झाला.

आणि नेमकं याच गाडीतून चार्वीला शाळेत सोडायचं होतं.

चार्वी त्यांची नात, सात वर्षांची. मुलगा सम्मेद जहाजावर इंजिनियर, वर्षातले आठ महिने समुद्रावर. सून रेवती आणि चार्वी ताराबाई पार्कातल्या फ्लॅटमध्ये राहायच्या. एके काळी सगळे एकाच घरात होते, आणि धातुशास्त्र शिकलेली रेवती फौंड्रीतच काम करायची. तीन वर्षांपूर्वी मालात खोट निघण्याचं प्रमाण वाढलं, तेव्हा तिनं वाळू तपासायचं यंत्र आणलं. अण्णांची पद्धत वेगळी. रोज सकाळी वाळूची मूठ आवळायची, बोटांचे ठसे उमटतात का बघायचं, गोळा मोडून कडा स्वच्छ तुटते का बघायचं, आणि पाणी कमी की जास्त ते सांगायचं. सगळ्या कामगारांसमोर रेवती म्हणाली, “अण्णा, तुमच्या मुठीला आता वाळू कळत नाही.” तितक्याच लोकांसमोर अण्णा म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.” ती आली नाही. महिन्याभरात तिनं दुसरीकडे नोकरी धरली आणि घरही सोडलं.

त्यानंतर अण्णांच्या वाट्याला उरली ती सकाळची पंचवीस मिनिटं. ताराबाई पार्क ते उजळाईवाडीच्या बाजूची शाळा. रेवती चार्वीला खाली आणून सोडायची, मान हलवायची आणि वर जायची. मग गाडीत आजोबा आणि नात. लोखंड तापताना आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं कसं होतं, हे अण्णांनी तिला शंभर वेळा सांगितलं होतं आणि तिनं शंभर वेळा विचारलं होतं. दिवसातल्या बाकीच्या तासांना अण्णांच्या लेखी फारशी किंमत नव्हती.

बदली गाडीत चार्वी दहाव्या मिनिटाला म्हणाली, “आजोबा, मला मळमळतंय.”

“गाडी खराब आहे ही,” अण्णा म्हणाले. “आजच बदलून घेतो.”

त्याच दुपारी ते वज्रलेखमध्ये जाऊन उभे राहिले. विनयानं तक्रारीचा फॉर्म भरून घेतला, गाडी आत पाठवली आणि कॉफी दिली. तासाभरानं ती हसतमुखानं बाहेर आली.

“सर, गाडीत काही दोष सापडला नाही.”

“मग मी काय खोटं बोलतोय?”

“तसं नाही सर. आपल्या स्वतःच्या गाडीची आपल्याला सवय झालीय. या कोऱ्या गाड्या असतात.”

कोरी म्हणजे काय, ते तिनं मग समजावून सांगितलं, आणि अण्णा यंत्रातला माणूस असल्यामुळे रागातही त्यांनी ऐकलं. जुन्या गाड्यांत स्टिअरिंगपासून चाकांपर्यंत लोखंडी दांडा असायचा. आता तो राहिला नाही. हाताची हालचाल सेकंदाला हजार वेळा मोजली जाते, तिचे आकडे होतात, आणि ते आकडे चाकांना सांगतात कुठं वळायचं. मध्ये एक गणित बसलेलं असतं. माणसाच्या हातून दोन प्रकारच्या हालचाली होतात: एक त्याला करायची असते, दुसरी नुसती होते. वळण घ्यायचं तर हात सावकाश फिरतो. खड्डा, शिंक, थकवा यांचे हिसके जलद आणि बारीक असतात. गाडी मालकाचा हात महिनोन् महिने वाचते, त्यातलं हवं ते ओळखते, नको ते गाळते. ब्रेकचंही तसंच. नजर कुठं गेली हे पाहून पाय पोचायच्या आधीच ती ब्रेक तयार ठेवते. या सगळ्याला वाल्डेर कंपनीनं नाव दिलं होतं ‘सावली’.

“माझी सावली या गाडीत घाला की मग.”

“कायद्यानं घालता येत नाही सर. ती आपल्या शरीराची माहिती आहे. एका गाडीतून दुसरीत नेता येत नाही. आणि नव्यानं शिकायला आठ महिने लागतात.”

“बारा दिवसांसाठी आठ महिने?”

“म्हणून बदली गाडी कोरीच असते सर. जसा हात, तशी चालते.”

अण्णांना हे पटलं नाही. पस्तीस वर्षं पुरवठादारांनी त्यांना असलंच ऐकवलं होतं: माल चांगला आहे, तुम्हालाच वापरता येत नाही. त्यांनी दुसरी गाडी मागितली आणि ती घेऊनच उठले.

दुसरी राखाडी होती. थरथर तशीच. अण्णांनी दात ओठ खाऊन दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी, शाळेच्या अलीकडच्या चौकात, उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर डावीकडून अचानक आडवा आला. अण्णांनी ब्रेक दाबला. निदान त्यांच्या समजुतीप्रमाणे लगेच दाबला. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीबाहेर आलेलं उसाचं एक टोक समोरच्या काचेला टेकलं होतं. मागे चार्वीच्या दप्तरातला डबा उघडून पोहे सगळ्या सीटवर सांडले होते. ती रडली नाही. फक्त म्हणाली, “आजोबा, तुमच्या खऱ्या गाडीला हे जमलं असतं.”

अण्णांनी तिला शाळेत सोडलं, गाडी बाजूला घेतली आणि दहा मिनिटं नुसते बसून राहिले. काळजाचं पाणी झालं होतं. मग हळूहळू त्या पाण्याची उकळी झाली, आणि ती सगळी वज्रलेखच्या नावानं.

संध्याकाळी रेवतीचा फोन आला. तीन वर्षांत तिनं केलेला हा बहुधा पाचवा फोन असेल.

“अण्णा, चार्वीनं सांगितलं सकाळचं. तुमची गाडी येईपर्यंत मी सोडते तिला.”

“अगं, गाडीत खोट आहे. मी उद्या बदलून घेतो.”

“घ्या बदलून. पण तोवर मी सोडते.”

“सात-आठ दिवसांचा प्रश्न आहे रेवती.”

“म्हणूनच म्हणतेय. सात-आठ दिवसांचाच प्रश्न आहे.”

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे अण्णांना भांडताही येईना. फोन ठेवून ते शैलजाकाकूंवर, म्हणजे बायकोवर ओरडले, की या घरात भाजीला मीठ कधी लागणारच नाही काय. शैलजाकाकूंनी मिठाची बरणी पुढं ठेवली. मग उठून त्यांनी स्वतःच चिमूटभर मीठ त्यांच्या भाजीवर पेरलं आणि परत बसल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी वज्रलेखचं कार्यालय डोक्यावर घेतलं. ग्राहक न्यायालयात जातो, वर्तमानपत्रात देतो, माझी नात मेली असती, असं सगळं. शोरूममध्ये गाडी बघायला आलेलं एक नवीन जोडपं घाबरून निघून गेलं. शेवटी मालकांनी स्वतःच्या वापरातली गाडी पुण्याहून मागवली. ती दुसऱ्या दिवशी आली. काळी, लांबलचक, मालकांची सावली पुसून कोरी केलेली, दारावर काहीही न लिहिलेली. अण्णा समाधानानं तीत बसले, महामार्गाला लागले आणि तावडे हॉटेलच्या चौकातूनच परत फिरले.

“सर, काय झालं?” विनयाच्या चेहऱ्यावरचं हसू आता नुसतं चिकटवलेलं दिसत होतं.

“तेच. थरथर. ब्रेक उशिरा. तुम्ही लोक काय माझी थट्टा करायलाय काय? लिहून द्या मला. तिन्ही गाड्या सदोष आहेत असं सही-शिक्क्यानिशी लिहून द्या.”

“सर, तसं लिहिता येणार नाही. पण तुमच्या तिन्ही तक्रारींच्या प्रती देते. पुढं तुम्हाला काय करायचं ते करा.” पहिल्यांदाच ती वैतागली होती. तिनं तीन कागद छापून आणले आणि त्यांच्यासमोर ठेवले.

अण्णांनी चष्मा लावला. पांढरी गाडी: स्टिअरिंगला बारीक थरथर, सरळ रेषेत राहत नाही, ब्रेक क्षणभर उशिरा. राखाडी गाडी: स्टिअरिंगला बारीक थरथर, सरळ रेषेत राहत नाही, ब्रेक क्षणभर उशिरा. काळ्या गाडीच्या कागदावरही शब्दन् शब्द तोच.

त्यांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले.

फौंड्रीत अण्णांचा एक नियम होता आणि नवीन माणूस लागला की पहिल्या दिवशी ते तो त्याच्या कानीकपाळी ओरडायचे. तीन वेगळ्या भट्ट्यांच्या मालात एकसारखी खोट आली, तर भट्टीला शिव्या देऊ नका. तिन्हींत सामाईक काय आहे ते आधी शोधा. वाळू सामाईक असेल, पाणी असेल, ओतणारा माणूस असेल. या एका नियमावर त्यांनी कित्येकांना कामाला लावलं होतं आणि दोघांना घरी पाठवलं होतं.

“ही काळी गाडी माझ्याआधी कोण चालवत होतं?” त्यांनी विचारलं.

“आमचे मालक. परवापर्यंत.”

“आणि ती राखाडी?”

“बेळगावचे एक वकील. पांढरी डॉक्टर नाईक मॅडमकडं होती. कुणाचीच तक्रार नव्हती सर.”

“तुमच्या एखाद्या माणसाला चालवायला सांगा. मी शेजारी बसतो.”

कार्यशाळेतल्या एका मेकॅनिकनं काळी गाडी बाहेर काढली. अण्णा शेजारच्या सीटवर बसले. गाडी सरळ गेली. त्यानं एका हातानं चालवली, बोलत बोलत चालवली, मुद्दाम जोरात ब्रेक मारला, तरी ती आज्ञाधारकपणे जागच्या जागी थांबली. अण्णांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होती, बारीक, एकसारखी, जणू वाळूची चिमूट चोळून बघत होती. यंत्रांच्या धक्क्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला असं होतंच, हे ते आजवर स्वतःला सांगत आले होते. त्यांनी हात थांबवायचा प्रयत्न केला. थांबला. लक्ष काढताच पुन्हा सुरू झाला.

परत आल्यावर ते विनयाच्या टेबलासमोर बसले. ओरडायचं त्राण उरलं नव्हतं.

“माझ्या गाडीतली ती सावली. ती किती गाळते, याची नोंद असेल ना?”

“असते. पण ग्राहकाला दाखवायची नसते सर.”

“का?”

“कंपनी म्हणते, गाडी म्हणजे दवाखाना नाही. गाडीनं आजार सांगायला लागलं तर जबाबदारी येते.”

“म्हणजे मला कळू नये याचीही तजवीज आहे.”

विनयानं उठून काचेचं दार लावून घेतलं. “अण्णा, खरं सांगू काय?” ती म्हणाली. सरचं अण्णा कधी झालं हे तिलाही कळलं नसावं. “तुमची गाडी आत आली त्या दिवशीच आमच्या माणसानं नोंद बघितली होती. मला बोलायची परवानगी नव्हती. पण माहिती तुमची आहे. तुम्ही लेखी मागितलीत, तर कायद्यानं मला द्यावी लागते.”

अण्णांनी एक ओळ लिहिली. सही केली. चेकवरची सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही अशी तक्रार बँकेनं दोनदा केली होती, आणि अण्णांनी बँकेलाच झाडलं होतं.

पडद्यावर सहा वर्षांची रेघ उमटली. स्टिअरिंगवर आलेल्या हालचालीतला किती भाग गाडीनं पुसून टाकला, त्याची. पहिल्या वर्षी शंभरात दोन. दुसऱ्या वर्षी तीन. मग रेघ वर सरकायला लागली. आता ती एकतीसवर होती. हिरवी गाडी पाण्यावरून गेल्यासारखी जात होती ती अशी. रोज सकाळी, चार्वी मागे बसलेली असताना, ती गुपचूप हातातली थरथर टिपून घेत होती आणि मालकाला सांगत होती की सगळं छान चाललंय.

“तीन वर्षांपूर्वीचा श्रावण दाखवा,” अण्णा म्हणाले.

विनयानं बोट सरकवलं. “अकरा.”

त्या श्रावणातच त्यांनी रेवतीला वाळूच्या ढिगापाशी उभं करून घालवून दिलं होतं.

“तुमची गाडी उद्या दुपारी मिळेल,” विनया हळूच म्हणाली. “कडं आलं आज, ठरल्यापेक्षा लवकर. नवीन कड्यात सावली आणखी चांगली आहे. शंभरात पन्नास-साठपर्यंत सहज निभावते. तुम्हाला काही कळणार नाही.”

“आणि कायद्यानं?”

“परवाना चालू आहे तोवर काही अडचण नाही.”

अण्णांनी मान हलवली. किती सोपं होतं. एक दिवस दम धरायचा, हिरवी गाडी घ्यायची, परवा सकाळी ताराबाई पार्कात जाऊन उभं राहायचं. रेवती मान हलवेल, चार्वी मागे बसेल, लोखंड लाल होईल, पिवळं होईल, पांढरं होईल. विनया सोडली तर कुणाला काही माहीत नव्हतं. सांगितलं, तर ती पंचवीस मिनिटं गेलीच म्हणून समजा.

पण काचेला टेकलेलं ते उसाचं टोक डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. हिरवी गाडी पुन्हा कधीतरी सर्व्हिसिंगला जाणार. एखादं कडं ऐन रस्त्यात बिघडणार. त्या दिवशी पोरगी कुणाच्या हातात असेल, हे आता त्यांना माहीत झालं होतं, आणि एकदा माहीत झालेलं विसरता येत नाही. काळी गाडी पोचवायला त्यांनी वज्रलेखचाच ड्रायव्हर मागून घेतला. ती ताराबाई पार्कात लावून तो निघून गेला, आणि अण्णा जिना चढले.

चार्वी खाली खेळायला गेली होती. रेवतीनं दार उघडलं, बाजूला झाली, आणि काही न विचारता चहा टाकला. अण्णांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तीन गाड्या, तीन कागद, ती रेघ, एकतीस.

“मला माहीत होतं,” रेवती म्हणाली.

“काय माहीत होतं?”

“हाताचं.” तिनं कप पुढं केला. चहा अर्ध्यापर्यंतच होता.

“अर्धाच?”

“दोन वर्षं झाली अण्णा, तुम्हाला सगळीकडं अर्धाच कप मिळतो. घरी आई अर्धा देतात, कारखान्यात बाबूराव अर्धा देतात. सांडू नये म्हणून. आईंनीच मला सांगितलं.”

अण्णा खुर्चीत बसले. बाबूराव त्यांचे जुने मुकादम. अलीकडे मापाची पट्टी अण्णांच्या हातातून काढून घेऊन ‘राहू द्या, मी बघतो’ म्हणायचे. अण्णांना वाटायचं, माणूस आदबशीर आहे. शैलजाकाकू भाजीवर मीठ पेरायच्या, शर्टाची बटणं लावून द्यायच्या. त्यांना वाटायचं, म्हातारपणी बायकोची माया वाढली.

“म्हणजे गाडी, बायको, मुकादम, सून,” ते म्हणाले. “मी सोडून सगळ्या गावाला माहीत. मला सांगायला काय झालं होतं एकेकाला?”

“आईंनी दोनदा डॉक्टरचं नाव काढलं. तुम्ही ताटावरून उठलात. आणि मी तर सांगितलंच होतं.”

चहा हिंदकळत होता, पण सांडत नव्हता. त्यांना त्या अर्ध्या कपाचा अतोनात राग आला.

“मग पोरगी कशी दिलीस माझ्या हातात?”

“तुमच्या हातात नव्हती दिली अण्णा. गाडीच्या हातात दिली होती. सावली काय करते ते मी वाचलं होतं. बदली गाडी आणलीत तेव्हा पहिल्याच दिवशी अडवायला हवं होतं. तरी मी गप्प बसले. परवा काही झालं असतं तर...” तिनं वाक्य सोडून दिलं. “ते चुकलंच माझं. पण तेवढं एकच उरलं होतं तुमच्यात आणि आमच्यात. ते कसं तोडायचं, मला कळत नव्हतं.”

खालून मुलांचा आरडाओरडा येत होता, आणि त्यातला चार्वीचा आवाज दोघांनाही ओळखू येत होता.

“वाळूचं,” अण्णा म्हणाले. “त्या वेळचं.”

“जाऊ द्या ते.”

“जाऊ देत नाही. तुझं बरोबर होतं. माझ्या मुठीला कळत नव्हतं. आणि मी चारचौघांत बोललो.” त्यांनी कप खाली ठेवला. “माझं चुकलं रेवती.”

तिनं पदरावरच्या नसलेल्या डागाकडे बघितलं. मग म्हणाली, “नवीन कड्यानं तुम्हाला काहीच कळलं नसतं. मलाही नाही. मग सांगायला का आलात?”

“हात माझा आहे. तो बरा असो, वाईट असो. तो काय करतोय ते मला माहीत पाहिजे.”

“डॉक्टरकडं मी येते तुमच्याबरोबर. शुक्रवारी सुट्टी काढते.”

“ये.”

“आणि गाडी?”

“येईल उद्या. मी चालवणार नाही. बघू कोण चालवतंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ते रिक्षानं आले आणि काळ्या बदली गाडीपाशी उभे राहिले. दुपारी ती परत द्यायची होती. चार्वीला घेऊन रेवती खाली आली तेव्हा त्यांनी किल्ली पुढं केली. रेवतीनं ती घेतली आणि चालवायच्या जागी बसली. अण्णांनी मागचं दार उघडलं. गेल्या तीस वर्षांत ते कुठल्या गाडीत मागे बसले नव्हते, आणि गुडघे कुठं ठेवायचे हेही त्यांना पटकन सुचेना.

“आजोबा, तुम्ही इथं?” चार्वी सरकली. “मग लोखंडाचं कोण सांगणार?”

“मीच सांगणार. मागं बसून तोंड बंद होतं काय?”

गाडी निघाली. पुढं रेवतीचे हात स्टिअरिंगवर होते, आणि कोरी गाडी तिच्या हाताप्रमाणे सरळ जात होती. अण्णांनी लोखंड लाल करायला घेतलं. ते पिवळं होईपर्यंत चार्वीचं लक्ष उडालं होतं. ती त्यांच्या मांडीवरच्या हाताकडे बघत होती.

“आजोबा, तुमचा हात हलतोय.”

पुढं आरशात रेवतीची नजर वर आली आणि पुन्हा रस्त्यावर गेली.

“हो,” अण्णा म्हणाले. “हलतो तो.”

“मी धरू? म्हणजे थांबेल.”

“धरू नकोस. हलू दे.”

चार्वीनं थोडा विचार केला. मग तिनं आपला हात नुसताच त्यांच्या हातावर ठेवला, अजिबात न दाबता, आणि तो हलेल तसा हलू दिला. “पांढरं झालं की पुढं काय?” तिनं विचारलं.

“मग ओतायचं,” अण्णा म्हणाले, आणि शाळा येईपर्यंत सांगत राहिले.